अडकित्ता थांबला ते प्रकरण

अण्णा,

काल वाचनालयात त्या बाईंची कादंबरी हाती आली. तीच, वेळणेश्वराकडच्या बाईंची, जी आपण दोघांनी मिळून छापण्याजोगी केली. पुठ्ठा सुटलेला, पानं कसरीनं खाल्लेली. शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं आहे, अक्षर एखाद्या कॉलेजातल्या मुलीचं असावं: 'हा शेवट या बाईचा नाही. कुणी लिहायला लावला?' माझ्या पिशवीत पेन्सिल होती. त्या प्रश्नाखाली तुमचं नाव लिहावं असं फार मनात आलं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. एवढ्यात राग निवायला हवा होता. निवला नाही. उलट त्या पोरीनं चार शब्दांत विचारलेलं वाचून तो नव्यानं पेटला.

सत्तावीस सालच्या सुमारास मी तुमच्याकडे आले तेव्हा वीस वर्षांची होते. वडील बंदरावर कस्टमात कारकून. त्यांनी हौसेनं मला मुंबईला कॉन्व्हेंटात ठेवलं आणि परत आणल्यावर माझं काय करायचं ते त्यांना कळेना. तुम्ही मास्तरकीतून मोकळे होऊन छापखान्यासाठी कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासत होतात, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे वाचून दाखवायला माणूस हवं होतं. पहिल्या दिवशी मी दोन पानं वाचली. तुम्ही म्हणालात, "हे मराठी आहे की चर्चमधली प्रार्थना? मधे श्वास घे गो. माणसं बोलतायत ती." छापखान्यातले लोक मला मडमीण म्हणत. तुम्ही म्हणत नव्हतात, पण ते म्हणाले की हसत होतात.

छापखान्यामागची ती खोली मला आजही दिसते. जांभ्याची भिंत, भिंतीपलीकडे यंत्राची धडधड, खिडकीशी तुम्ही, मांडीवर सुपारीचं तबक. मी वाचते आहे आणि तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरता आहात. नियम एकच. अडकित्ता चालू राहिला की मी समासात फुली करायची, म्हणजे इथे वाचक झोपला. अडकित्ता थांबला की टिंब, म्हणजे इथे गोष्ट आहे. एका वकिलांच्या चारशे पानांत सात टिंबं पडली होती. "सात पुष्कळ झाली," तुम्ही म्हणालात, "त्या सातांभोवती परत लिहा म्हणावं." आणि खरोखरच तसं पत्र तुम्ही मला सांगितलंत. कुठलं प्रकरण आधी आणायचं, कुठल्या दोन पात्रांचं एक करायचं, नायकाला नक्की काय हवं आहे ते अर्धं पुस्तक संपलं तरी का कळत नाही. शुद्धलेखनाबद्दल अक्षर नाही. "ते खिळे जुळवणारा बघेल. घर कुठे गळतंय तेवढं आपण बघायचं."

पत्राच्या शेवटी मात्र दर वेळी एकच ओळ: 'पुस्तक तुमचे आहे, न पटल्यास माझे म्हणणे चुलीत घालावे.' मी एकदा कंटाळून म्हटलं, "अण्णा, तेच ते परत आलं की आपण लेखकाला कापायला लावतो. मग हे काय?" तुम्ही म्हणालात, "वाचणारा ती एकदाच वाचतो गो. दहादा लिहितेस ती तू." मग मी पूर्ण पत्र तुम्हाला वाचून दाखवायची, तुमचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवायची आणि तुम्ही सही करायचात.

त्या बाईंचं बाड आलं ते शाळेच्या वह्यांत, जांभळ्या शाईनं लिहिलेलं. नायिकेचा नवरा मुंबईला गिरणीत जातो आणि चौदा वर्षं त्याचं पत्र नाही. ती भात लावते, दिराशी भांडते, वाट बघते, आणि एके दिवशी वाट बघायची थांबते. हे थांबणं बाईंनी कुठे शब्दांत सांगितलं नव्हतं. तिनं दाराशी ठेवलेला त्याचा पाण्याचा तांब्या उचलून आत नेला, एवढंच होतं. शेवटच्या प्रकरणात नवरा परत येतो. ती त्याला पाय धुवायला पाणी देते, जेवायला वाढते, कुळथाचं पिठलं आणि भात, आणि तो हात धुऊन आल्यावर सांगते, "बोट चारला सुटते. आता निघालात तर मिळेल." त्या प्रकरणाला तुमचा अडकित्ता चाललाच नाही. मी पानापानावर टिंबं करत गेले. वाचून संपलं तेव्हा अर्धी कातरलेली सुपारी तुमच्या चिमटीत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्र सांगायला बसलात. शेवट बदलावा. नायिकेनं नवऱ्याला घरात घ्यावं, किंवा तो येण्याआधी तिला मरण यावं. मी लेखणी खाली ठेवली.

"अण्णा, अडकित्ता थांबला होता."

"थांबला होता."

"मग?"

"ती बाई त्याच गावात राहते. आपला नवरा कुठे असतो ते तिनं कळवलंय काय? नाही ना? पुस्तक छापून आपण मोकळे. विहिरीवर पाण्याला तिला जायचंय, तुला मला नाही."

"म्हणजे बिघडलंय गाव, आणि दुरुस्त करायची गोष्ट."

"तुझ्या सिस्टरांनी जीभ चांगली परजून दिलीय. लिही."

मी लिहिलं. माझ्या त्या वळणदार कॉन्व्हेंटी अक्षरात लिहिलं.

पंधरा दिवसांत नवा शेवट आला, सोबत कार्ड: 'आपण म्हणता तसे केले आहे. जुने प्रकरण चुलीत घातले.' नव्या शेवटात नायिका तुळशीपाशी नवऱ्याचं नाव घेत मरते. मी वाचत होते आणि अडकित्ता सुरुवातीपासून अखेरपर्यंत चालू होता, एका लयीत. तुम्ही विचारलंत, "भांडली नाही?"

"नाही."

"एका शब्दानंही?"

"नाही."

"मला वाटलं होतं भांडेल," तुम्ही म्हणालात आणि तबकातल्या कातरणांतून बोटं फिरवत राहिलात. "भांडली असती तर जुनाच छापणार होतो. जिला भांडता येतं तिला गावाचं भय नसतं."

पुस्तक खपलं. बायका त्यावर रडल्या. बाईंकडे दुसरं काही मागितलं तर एक ओळीचं उत्तर आलं, 'आता लिहिणे होत नाही.' तीस साल उजाडलं आणि तुम्ही गेलात. तुमच्या खुर्चीवर मी बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत किती जणांच्या कादंबऱ्या माझ्या हाताखालून गेल्या ते मला आठवत नाही. पुढे पत्रं टंकलिखित जाऊ लागली, तरी तुमची ती शेवटची ओळ प्रत्येक पत्राखाली मी स्वतःच्या हातानं लिहीत असे. लोक म्हणत, बाई जिभेची तिखट आहे, पण लेखकाला केवढा मान देते. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

तेव्हा आता सांगते. त्या बाईंना गेलेल्या पत्रात ती ओळ नव्हती. तुम्ही सांगितली होतीत, नेहमीसारखी. पान भरत आलं होतं, पण जागा होती. जागेचं निमित्त मी करणार नाही. एका हातानं शेवट मारायचा आणि दुसऱ्या हातानं सभ्यपणाचं पांघरूण घालायचं, हे मला सहन झालं नाही. म्हटलं, तुमचा हुकूम तिला हुकूम म्हणूनच दिसू दे. म्हणून मी ती ओळ लिहिली नाही. नंतर पत्र वाचून दाखवताना मात्र ती म्हणून दाखवली. पाठच होती. तुम्ही मान हलवलीत. मी तुमचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं.

ती भांडली नाही, कारण भांडता येतं असं तिला कुणी कळवलंच नव्हतं. तुम्ही तबकात बोटं फिरवत बसला होतात तेव्हा मी समोरच होते. जुनं प्रकरण जळून गेलं होतं, पण ते मी वाचलेलं होतं आणि तिला आठवत असणार. दोन ओळींचं पत्र पुरलं असतं. मी तुम्हाला विचारलं, "पुढचं बाड घेऊ?" तुम्ही हो म्हणालात.

हे टपालात टाकण्याजोगं नाही, वहीतच राहील. वाचनालयातल्या त्या प्रश्नाखाली मी तुमचं नाव लिहिलं नाही. पेन्सिल काढली होती, टोकही केलं होतं. पुस्तक परत फडताळात ठेवलं आणि घरी आले. माझंही नाव लिहिलं नाही.