गाडीच्या कर्जावरची सही

आई,

शाळेच्या ऑफिसात मधली सुट्टी चालू आहे, मोठ्या बाई मीटिंगला गेल्या आहेत, म्हणून लिहायला बसलेय. घरी लिहिता येत नाही. घरी मी कागद पेन घेतलं की तो चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसतो. पूर्वीही बसायचा, आणि तेव्हा मला ते आवडायचं. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. तुझा जावई तुला आवडायचा, आणि आवडावा असाच तो होता. लिफ्ट बंद पडली होती त्या दिवशी त्याने तुला खुर्चीसकट चार मजले खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर टेकायचा आणि म्हणायचा, "आई, घाबरू नका, मी धरलंय." हे आधी लिहितेय, कारण पुढचं कळल्यावर तू त्याला एका फटक्यात खोडून टाकशील. मला अजून ते जमलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याची ट्रॅव्हल कंपनीतली नोकरी गेली. क्रेडिट कार्डांची जुनी थकबाकी होतीच, त्यामुळे त्याचं नाव बँकांकडे आधीच खराब झालेलं. तरी त्याने सात सीटची मोठी गाडी घेतली, एअरपोर्टची आणि बाहेरगावची भाडी मारायला. बँकांनी दारातूनच परत पाठवलं, तेव्हा एका फायनान्स कंपनीने कर्ज दिलं आणि व्याज असं लावलं की महिन्याचे वीस दिवस गाडी कंपनीसाठी पळायची आणि उरलेले डिझेलसाठी. हप्ते चुकायला लागले. मग दोन माणसं मोटरसायकलवरून यायला लागली. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. सिल्व्हर पार्कच्या आमच्या गेटसमोर गाडी लावून नुसती बसायची. एकदा वॉचमनने मला थांबवून सांगितलं, "भाभी, वो लोग पूछ रहे थे, मॅडम स्कूल से कितने बजे आती हैं."

मी त्याला म्हटलं, हे कर्ज माझ्या बँकेत वळवू. माझा पगार तिथे जमा होतो, माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, मी सहअर्जदार झाले तर व्याज खूप कमी लागेल. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. तो बराच वेळ गाडीची चावी बोटावर फिरवत बसला आणि मग म्हणाला, "तुझाही रिपोर्ट काढतील काय गं ते?"

"काढणारच ना."

"मग राहू दे. मी बघतोय काहीतरी."

मला वाटलं, बायकोचा आधार घ्यायची लाज वाटतेय बिचाऱ्याला. महिनाभर तो टाळत राहिला. मग एक दिवस मोटरसायकल शाळेच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तयार झाला.

बँकेत समोर एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिने आमचे दोघांचे नंबर टाकले, स्क्रीन वाचली आणि सहज म्हणाली, "मॅडम, तुम्ही ह्या लोनला आधीच जामीन आहात. बोलला नाहीत ते." मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरची गृहकर्जाची जाहिरात वाचत होता, अगदी मन लावून. मी कुठेही जामीन राहिले नव्हते, आई. कुणी मला विचारलंही नव्हतं. आणि मी त्या मुलीला म्हणाले, "हो, विसरलेच होते." का म्हणाले ते आजही सांगता येत नाही. ती मुलगी लहान होती, तो शेजारी होता, एसी थंडगार होता. ती म्हणाली, जुन्या कंपनीकडून कर्ज बंद करण्याचं पत्र आणा, पुढचं आम्ही करतो.

तुझी पतपेढी आठवली मला तिथे. भाईंदरला स्टेशनजवळ, काउंटरमागे तू बसलेली, शेजारी नमुना सह्यांच्या कार्डांचा लाकडी खण. मी सातवीत होते. गणितात नापास झाले आणि प्रगतिपुस्तकावर तुझी सही मीच ठोकली. तू कामावरून आलीस, साडी न बदलता भाकऱ्या थापायला उभी राहिलीस, आणि कसं कोण जाणे, पिठाच्या हातानेच माझं दप्तर उघडलंस. हात पुसून ते पान तू उलटं धरलंस. सही उलटी धरली की अक्षर वाचलं जात नाही, नुसता हात दिसतो, हे तू मला नंतर सांगितलंस. मारलं नाहीस. विचारलंस, "किती दिवस बघत होतीस माझी सही?" मी म्हटलं, आठ दिवस. "म्हणजे आठ दिवस माझ्याशेजारी बसून जेवत होतीस आणि माझा हात बघत होतीस." एवढंच. तव्यावरची भाकरी करपली होती, ती तूच खाल्लीस.

आणि जेवताना मला राई गावच्या एका बाईची गोष्ट सांगितलीस. नवऱ्याने कर्जाच्या फॉर्मवर बायकोची सही जामीन म्हणून आणली होती, तुला शंका आली म्हणून तू बाईला काउंटरवर बोलावून घेतलंस. "ही सही तुमची?" असं तू विचारलंस. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माजीच हाय." तू कागद उलटा धरून पाहिलास, तुला दिसलं ते दिसलं, आणि तू फॉर्म पुढे सरकवलास. दोन वर्षांनी तिच्या माहेरची खाडीकाठची जमीन त्या कर्जात गेली. त्यानंतर ती एकदा पतपेढीत आली. भांडली नाही. काउंटरवर हात ठेवून विचारलं, "बाय, तुला तवा कललं व्हतं ना?" तू मला म्हणालीस की तू पासबुकं भरत बसलीस. मला तेव्हा वाटलं होतं की तू मला माझ्या चुकीबद्दल सांगतेयस.

फायनान्स कंपनीचं ऑफिस काशिमीऱ्याला, टायरच्या दुकानावर. रबराचा वास पार वरपर्यंत येतो. तिथल्या माणसाने आमची फाइल काढली. पन्नाशीचा, शांत, चष्मा कपाळावर. माझी आत्ताची सही घेतली, फाइलमधल्या सहीशेजारी ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, गॅरंटर वाली साइन और ये मॅच नहीं हो रही. ये आप ही की है ना?"

मी फाइल माझ्याकडे ओढली आणि उलटी केली. माझं नाव नाहीसं झालं आणि हात दिसायला लागला. शेवटची रेघ दाबून, खाली ओढलेली. तो कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघतो ना, तशी. माझ्या मागे त्याच्या खुर्चीचा आवाज झाला. नाही म्हटलं असतं तर गुन्हा दाखल झाला असता, पोलीस आले असते, कर्ज तिथेच अडकलं असतं आणि ती दोन माणसं शाळेच्या फाटकासमोर बसूनच राहिली असती. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी काहीच विचार केला नाही. मी म्हणाले, "हो, मेरी ही है. तब जल्दी में की थी." वर कारणही दिलं, आई, कुणी मागितलेलं नसताना. माणसाने चष्मा खाली घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शिक्का मारला.

परत येताना तो घराकडे वळलाच नाही, घोडबंदरच्या रस्त्याला लागला. गाडीने वेग घेतला की दारं आपोआप लॉक होतात, रोजच होतात. त्या दिवशी तो आवाज मला ऐकू आला.

"कुठे चाललोय?"

"जरा फिरून येऊ."

वरसाव्याला पुलाच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली. ट्रक इतक्या जवळून जात होते की आमची गाडी हलत होती. मी विचारलं, "कधी केलीस?"

"गाडी घेतानाच. एजंट म्हणाला, जामीन लागेल. तुझ्या निळ्या फाइलमधल्या कागदांच्या झेरॉक्स दिल्या."

निळी फाइल म्हणजे तू मला पहिल्या पगाराला दिलेली. सगळ्या मुलींना आया कानातलं घेतात आणि तू मला फाइल घेतलीस म्हणून मी रुसले होते. पॅन कार्ड, आधार, फ्लॅटचे कागद, सगळं अजून त्याच फाइलमध्ये ठेवते.

"मला विचारायचंस ना."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

रागाने नाही म्हणाला. पॅसेंजरला रस्ता समजावून सांगतो तसं सांगितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज तू वाचवलंस मला. आता मला कसलीच भीती नाही." त्याचे डोळे भरले होते, खोटे नव्हते. मी समोरच्या काचेतून पुलाकडे बघत राहिले. मला वाटत होतं, आता त्याला भीती असायला हवी होती.

कर्ज वळलं. हप्ता बराच खाली आला, मोटरसायकल यायची बंद झाली. तो सकाळी आंघोळ करताना पुन्हा गायला लागला. उत्तनचं भाडं मिळालं की तिथल्या बंदरावरून ताजी मासळी आणतो, स्वतः साफ करतो. पाच महिने एकही हप्ता चुकलेला नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, "तुमचे मिस्टर किती बदलले हो!" आता तो मला रोज शाळेतून घ्यायला येतो. पाचच्या आधी पंधरा मिनिटं फाटकासमोर गाडी लावतो आणि आत बसून राहतो.

परवा रविवारी मी विजेचं बिल शोधत होते. फ्रिजवर वर्तमानपत्रांखाली मिळालं. मागच्या कोऱ्या बाजूवर माझी सही होती. एक नाही, नऊ. वरची पहिली कच्ची, मग हळूहळू सुधारत गेलेली. शेवटची रेघ आता दाबलेली नव्हती, मी सोडते तशी सोडून दिली होती. मी कागद उलटा धरला. नववी सही उलटी धरूनही मला माझीच वाटली. मग मी बिल सरळ करून महिना बघितला. जुनं असेल, तेव्हाचं असेल, असं मी मनात म्हणत होते. याच महिन्याचं होतं.

तो बाथरूममध्ये दाढी करत होता. मी बिल होतं तिथे, होतं तसं ठेवलं आणि विचारलं, "पोळ्या आत्ता करू की थांबू?"

काल मी अर्धा दिवस रजा टाकून बँकेत गेले. मी स्वतः हजर असल्याशिवाय माझ्या नावावर काही मंजूर करू नये, असा अर्ज दिला, त्याची पोच घेतली. सही बदलली. निळी फाइल शाळेच्या कपाटात आणून ठेवली, चावी मोठ्या बाईंकडे दिली. फ्लॅट तुझ्यामाझ्या नावावर होता, तू गेल्यावर माझ्या एकटीच्या नावावर झाला. तो कागद आता त्या कपाटात आहे. त्याच्याशी मी अजून काही बोललेले नाही. ह्या महिन्यात बोलेन असं रोज ठरवते. सोसायटीतल्या एका वकीलबाईंचा नंबर घेऊन ठेवलाय, फोन केलेला नाही.

सुट्टी संपत आली. हे कागद मी चार वाजायच्या आत बारीक फाडून ऑफिसच्या रद्दीत मिसळून टाकणार आहे. तुला फक्त एक सांगायचं राहिलं. बँकेच्या फॉर्मवर सही का बदलायची आहे, असा एक रकाना होता. काउंटरवरची मुलगी वाट बघत होती, मागे रांग होती. खरं लिहायला तीन शब्दसुद्धा लागले नसते. मी लिहिलं, मनगट दुखतं. तिने ते वाचलं आणि हळूच म्हणाली, "गरम पाण्याने शेका मॅडम, बरं वाटेल." मी म्हटलं, हो, शेकते.