मागचा टायर

४ ऑक्टोबर, रविवार

साडू आज तीनदा म्हणाले, "मागे उंच बटणांचाच टायर घाला. दुसरा नको." मी विचारलं होतं का? नव्हतं!

डोंगरातली शर्यत पंचवीस तारखेला. अठ्ठावीस किलोमीटर — निम्मी चढण, निम्मी दगडधोंड्यांची उतरण. पन्नाशीच्या गटात गेल्या वर्षी ते तिसरे, मी चौथा. आणि आता हे गृहस्थ माझ्या टायरची काळजी वाहणार!

टायरवरची रबराची बटणं झिजलीत हे खरं. नवे घ्यायचेच आहेत. पण माझी नोकरीच अशी — दुकानादुकानांतून तराजू नि वजनं तपासत हिंडायचं. समोरचा सांगतो ते खरं मानायचं नाही, ह्याचाच मला पगार मिळतो.

६ ऑक्टोबर

सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका. म्हणाला, "पुढचं चाक वळवतं, ब्रेक धरतं. ते घसरलं की माणूस आडवा. म्हणून पुढे रुंद, मऊ रबराचा, उंच बटणांचा घ्या. मागचं चाक नुसतं ढकलतं. ते थोडं सरकलं तरी सावरता येतं. तिथे बुटक्या बटणांचा, हलका, पळणारा चालतो." मग हसून, "पकड, वेग, टिकाऊपणा — तिन्ही एकदम कुणालाच मिळत नाहीत साहेब. पकड वाढवली की टायर जड, रस्त्याला चिकटणार. फार हलका घेतला की दगडावर फाटणार. तुम्ही कुठे पडता ते सांगा, मग मी टायर सांगतो."

हे मला आवडलं. माणूस सरळ वाटला. तेवढ्यात हळूच म्हणतो, "पण तुमचे साडू येऊन गेले. ह्यांना मागेही उंच बटणांचाच द्या, म्हणाले."

येऊन गेले! माझ्या आधी!

काही न घेता परत आलो.

७ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. दोन्ही तऱ्हांचे टायर तपासून बघतो म्हणून मागून आणले आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या काट्यावर ठेवले. उंच बटणांचा — खोक्यावर नऊशे ग्रॅम, काट्यावर नऊशे अठ्ठ्याऐंशी! बुटक्या बटणांचा सातशे म्हणतो, भरला सातशे बारा. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आता टायरवाल्यावर खटला का?" हसा, हसा.

म्हणजे दोघांत पावणेतीनशे ग्रॅमचा फरक. चाकावरचं वजन नुसतं वाहायचं नसतं, ते प्रत्येक फेऱ्याला फिरवायचंही असतं. अर्ध्या चढणीवर मांड्या बोंबलतात त्या ह्यामुळेच. आणि हे साडूंना ठाऊक नाही? वाद्यं दुरुस्त करणारा माणूस! स्वर केसभर उतरला तरी ह्यांच्या कपाळाला आठी पडते.

ठाऊक आहे. चांगलंच ठाऊक आहे.

१० ऑक्टोबर

ही फोनवर तिच्या ताईशी, म्हणजे साडूंच्या बायकोशी, बोलत होती. मी आत आलो तसा आवाज एकदम खाली. "बरं, नंतर बोलते."

"काय गं?"

"काही नाही. आमचं नेहमीचंच."

नेहमीचं असतं तेव्हा फाटकापर्यंत ऐकू येतं!

११ ऑक्टोबर, रविवार

सराव. ताईंनी साडूंना गाडीने पायथ्याशी आणून सोडलं. पूर्वी घरापासून सायकलवर यायचे. पायांची ताकद राखून ठेवतात वाटतं.

"तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. हे अलीकडचं पालुपद. वाऱ्याला छाती मी द्यायची आणि हे माझ्या पाठीच्या आडोशाने निवांत! झाडीत शिरलो तर आणखीच जवळ — माझ्या चाकाला चाक लावून. मी हळू, तर हे हळू. मी थांबलो, हे थांबले. माझी चाल शिकून घेताहेत. शर्यतीत शेवटच्या वळणावर बाजूने निघून जातील.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी बाजूने बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. मान वळवून बघितलंसुद्धा नाही! "घ्या की!" म्हटल्यावर दचकले. पंधरा वर्षांचं नातं, आणि एवढी गुर्मी?

१२ ऑक्टोबर

पुढे उंच बटणांचा रुंद, मागे बुटक्या बटणांचा हलका. घेऊन टाकले. साडूंना सांगितलं नाही. हिलाही नाही.

१५ ऑक्टोबर

टायर चढवले. ऑफिस सुटल्यावर एक फेरी मारून आलो. काय पळतं मागचं चाक! जुन्या टायरची बटणं घरघरायची, लांबून कुणी पिठाची गिरणी सुरू केल्यासारखी. हा अगदी मुका. मातीवर हात फिरवल्यासारखा जातो. पुढचा मऊ रबराचा, तोही आवाज न करता दगडाला धरून ठेवतो. हवा थोडी कमी केली तर आणखी बरं.

गेल्या कित्येक दिवसांत एवढा खूश नव्हतो.

१७ ऑक्टोबर

साडूंचा फोन. "टायर घेतला?"

"घेतला."

"मागे उंच बटणांचाच ना?"

"हो," म्हणालो.

तोंडावर खोटं बोललो. आधी गंमत वाटली. मग नाही वाटली.

१८ ऑक्टोबर, रविवार

घडलं तसं लिहितो.

चढण ठीक झाली. माथ्यावर साडू म्हणाले, "आज तुम्ही फार शांत." मी म्हटलं, "दम राखतोय." सायकलकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही दाखवली नाही.

उतरणीला झाडी लागली. मागून हाक आली, "साडू, जरा हळू! कुठे आहात?" दहा हातांवर तर होतो! मला वाटलं, डाव. मला रोखायचं आणि आपण पुढे काढायचं. मी ब्रेक सोडला.

आणखी एकदा हाक आली. मग झुडपं मोडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

सायकल टाकून धावत वर गेलो. वाट डावीकडे वळते तिथे ते सरळ गेले होते. खाली घळीत, सायकल अंगावर. मनगट भलतीकडेच वळलेलं. मी सायकल बाजूला केली, त्यांना बसवलं.

"तुमचा आवाज गेला हो एकदम," म्हणाले.

डोक्याला लागलं असं वाटून मी घाबरलो. नाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर सांगितलं. हळूहळू चालवत माझ्या सायकलपाशी आणलं तर धड हाताने त्यांनी माझं मागचं चाक चाचपलं. बोटं बटणांवरून फिरवली.

"बुटका आहे," म्हणाले. एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत.

१९ ऑक्टोबर

मनगटाला प्लास्टर. बाकी खरचटणं.

दवाखान्याच्या जिन्यात ताईंनी सांगितलं. आठ महिने झाले. त्यांच्या नजरेचा घेर आकसत चाललाय. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढंच दिसतं, बाजूचं नाही. सावलीत तेही पुसट. औषध नाही.

झाडीत ते माझ्या टायरच्या घरघरीवर यायचे. आवाज डावीकडे गेला की डावीकडे. बारीक झाला की पुढे उतार. तुटक झाला की दगड. कान तयारच होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

ताई म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना सायकलवर बसू दिलं असतंत का?"

नसतं दिलं.

हिला माहीत होतं. ताईंनी शपथ घातली होती. मी हिला काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

२१ ऑक्टोबर

साडूंकडे गेलो. खिडकीशी बसले होते. मी दारातून आलो ते दिसलं नाही, पण पावलांवरून ओळखलं. "या, साडू."

"मला वाटलं, तुम्हाला मला हरवायचंय. म्हणून जड टायर गळ्यात मारताय." एका दमात बोलून टाकलं, नाहीतर राहून गेलं असतं.

ते म्हणाले, "सांगायला हवं होतं मी. एखाद्या दिवशी तुम्हालाही घेऊन पडलो असतो." थोड्या वेळाने, "किती वाचलं?"

"काय?"

"वजन हो! काट्यावर घातल्याशिवाय तुम्ही घेतलाय थोडाच."

"पावणेतीनशे ग्रॅम."

"मग पळा की! टायर चांगला निवडलात. माझ्यासाठी घरी बसू नका."

परत येताना चौकात सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

२४ ऑक्टोबर

सायकलला लावायचा शर्यतीचा क्रमांक आणायला गेलो. माझा घेतला. साडूंचं नाव रद्द करा, म्हणालो, हात मोडलाय. टेबलामागच्या बाईंनी यादी वरून खाली बघितली, खालून वर बघितली. म्हणाल्या, "यंदा त्यांचा अर्ज आलेलाच नाही."

म्हणजे ते उतरणारच नव्हते. इतके रविवार निव्वळ माझ्याबरोबर सायकल चालवायला येत होते.