चारही पर्याय एकाच आवाजात

मांजरी, रविवार दुपार

प्रिय मैत्री,

हे पत्र लिहायला मी गेल्याच रविवारी बसलो होतो. मग म्हटलं, आधी चहा पिऊन येऊ. चहाला म्हणून निघालो तो उसाच्या कडेकडेनं चालतच राहिलो आणि नदीपाशी पोचल्यावर लक्षात आलं की चहा राहिलाच. सोमवारी वारज्याला एका दोस्ताचं सामान हलवायला गेलो, तर रिकाम्या टेम्पोत बसून थेट साताऱ्याला. तिथे कोणी तरी म्हणालं, आलाच आहेस तर कासला जाऊन ये. असा आठवडा गेला. तुला यात नवल वाटणार नाही. पण खरं सांगू, या खेपेला पाय आपोआप वळले नाहीत, मी ते वळवले. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितली की आपले शनिवार-रविवार संपतात, म्हणून टाळत होतो. ऐकण्याआधी इअरफोन लाव. तुझ्या फोनमधली बाई सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात वाचते, आणि तुझ्या आईचे, शालनकाकूंचे, कान स्वयंपाकघरातून दिवाणखान्यापर्यंत पोचतात.

बिबवेवाडीच्या विहारातल्या अभ्यासिकेत मी अभ्यासाला आलो नव्हतो, हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. उन्हात हिंडून घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला शिरलो आणि पंख्याखाली पेपर उघडून बसलो. पुटपुटत वाचायची माझी सवय. पलीकडच्या टेबलावरून तू म्हणालीस, "जरा मोठ्यानं वाचा, म्हणजे एका पंख्यात दोघांचं काम होईल." मला वाटलं, टोमणा. मान वर केली तर टेबलाला टेकवलेली तुझी पांढरी काठी दिसली. मग खरंच मोठ्यानं वाचलं, अख्खं पान, 'फक्त शाकाहारी कुटुंबास भाड्याने' या जाहिरातींसकट. शेवटी तू विचारलंस, शिक्षण किती? हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारलाय, आणि उत्तर देताना मी नेहमी चपलेकडे बघतो. म्हणालो, बारावी, पुढे बी.ए. अर्धवट. तू म्हणालीस, "अर्धवट? वा, छान." नियमच तसा होता. परीक्षेत तुझ्या शेजारी बसून जो प्रश्न वाचून दाखवतो आणि तू सांगशील ते उत्तर लिहितो, तो लेखनिक तुझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणजे त्यानं स्वतःची अक्कल चालवली असा संशय नको. तू बी.ए. झालेली, अनुवादकाच्या जागेसाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होतीस, आणि तुझा आधीचा लेखनिक प्रज्ञेश पदवी मिळाल्यामुळे नुकताच बाद झाला होता. माझं अर्धवट शिक्षण ऐकून खूश झालेली तू पहिली आणि एकटीच. माझे वडील, आबा, तर तोवर वाशीमहून फोन करून फक्त पावसापाण्याचं विचारायचे.

शब्द पाठ करायची आपली पद्धत कुठल्या क्लासात सापडणार नाही. तू आठवड्याचे शब्द ठरवून द्यायचीस आणि मी ते हिंडता हिंडता फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचो. शब्द, अर्थ, एक वाक्य. माझ्या मागे जे काही चाललेलं असेल ते त्यात यायचंच. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, हे मी वारज्याच्या पुलाखाली म्हणालो तेव्हा मागे एक कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून एका आजोबांशी भांडत होता. 'अबंडंट' म्हणजे मुबलक, त्याच्या मागे उसाच्या गाडीच्या बैलांची घुंगरं. 'लिंगर' म्हणजे रेंगाळणं, तो सारसबागेबाहेर भेळ खाताना केला, तर तुझा निरोप आला, "अर्थापेक्षा फरसाण जास्त ऐकू आलं." पण पूर्व परीक्षेत तोच शब्द आला आणि तू पर्याय ऐकायच्या आधीच हसलीस. पर्यवेक्षक बाईंना वाटलं मी काही तरी खूण केली. त्यांनी माझी खुर्ची हातभर लांब सरकवायला लावली, आणि उरलेला पेपर मी मान लांब करून वाचला. व्याकरणात तर मी तुझा विद्यार्थीच. मी नियम लावून चूक शोधायचो आणि चुकायचो. तू नुसतं वाक्य ऐकून म्हणायचीस, "इथे खडा लागला." तांदूळ निवडावेत तशी.

उताऱ्यांना मात्र माझ्यामुळे वेळ लागायचा. तुमच्या घरी खिडकीजवळच्या त्या टेबलावर दीपगृहाचा उतारा वाचत होतो, आठवतं? मी अर्ध्यात थांबलो, की तिथल्या माणसाला रोज दूध कोण आणून देत असेल. तू टेबलावर टिचकी मारलीस, म्हणजे परत ये. तुझे बाबा, भीमरावकाका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, घड्याळावर जगणारे. ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मैत्री, त्यांचा दुधाचा प्रश्न मिटला की सांग, आपण जेवायला बसू." मी दोन शनिवार चुकवून उगवलो की त्यांचं ठरलेलं, "या, अभिनवराव. बाकीचं पुणं बघून झालं वाटतं."

आणि पर्याय. त्यात तू मला पहिल्याच महिन्यात पकडलंस. मला जे उत्तर बरोबर वाटायचं तिथे माझा आवाज जरासा जड व्हायचा, मला पत्ताच नव्हता. तू म्हणालीस, "तुझ्या आवाजावरून उत्तर कळतंय. मला तुझं नकोय, माझं हवंय." मग मला बसवून शिकवलंस. चारही पर्याय एकाच आवाजात, ना चढ ना उतार. अख्खा उन्हाळा मी बसमध्ये बसून दुकानांच्या पाट्या एका सुरात वाचत फिरलो, लोक जागा बदलायचे. शेवटी जमलं. इतकं जमलं की तुझ्या शेजारी बसलो की माझ्या आवाजातून सगळंच निघून जायला लागलं. तू तापातून उठून पहिल्यांदा टेबलापाशी आलीस, भिंतीला हात लावत, त्या दिवशी "बरं वाटतंय का" हेसुद्धा मी पर्याय वाचावा तसं विचारलं. तू म्हणालीस, "पर्याय ड, यांपैकी नाही." आपण हसलो. त्या दिवशी मी बस सोडून बिबवेवाडीहून मांजरीपर्यंत चालत आलो होतो. तुला कधी सांगितलं नाही.

शालनकाकूंना माझं अर्धवट असणं कधीच पटलं नाही. "लोकांचे पेपर लिहायला हात दुखत नाही, स्वतःचा लिहायला काय होतं रे?" म्हणत त्यांनीच मला मुक्त विद्यापीठात नाव घालायला लावलं. बघता बघता सगळे विषय सुटले, एक इंग्रजीचा पेपर सोडून. पहिल्या वर्षी त्या पेपराच्या दिवशी मी भुलेश्वरच्या डोंगरावर होतो. तू भांडलीस, मला पास करायला निघालाय आणि स्वतः गैरहजर, म्हणालीस. दुसऱ्या वर्षीही मी गेलो नाही, आणि त्या वर्षी तू काहीच बोलली नाहीस. मी पास झालो तर पदवीधर होणार आणि पदवीधर झालो तर तुझ्या शेजारची खुर्ची जाणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तुझं ते काहीच न बोलणं मी वर्षभर खिशात घालून हिंडलो. अर्थ मी माझ्या सोयीनं लावला असेन. तू फक्त हाताशी आलेला लेखनिक सांभाळत होतीस, असंही असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

मग तू पूर्व परीक्षा पास झालीस. घरात पेढे, विहारातली मंडळी, काकांनी कधी नव्हे तो इस्त्रीचा झब्बा घातलेला. सगळ्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली, "हा अभिनव, मैत्रीचा लेखनिक." खरीच ओळख होती, लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. तुझी उल्कामावशी सहज म्हणाली, "आता मुख्य परीक्षा झाली की सुटलास बाबा तू." मी पेढा खाल्ला. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात आलं, ही मुख्य परीक्षेत राहिली तर आणखी एक वर्ष मिळेल. मैत्री, आलं आणि लगेच गेलं. पण मी हडपसरला गाडीतळावर उतरून बराच वेळ बाकड्यावर बसून राहिलो, समोरून तीन नंबरच्या फलाटावरच्या बस सुटत गेल्या. तुझ्या हाताच्या जागी जो बसतो त्याच्या मनात असलं येत असेल, तर त्यानं तिथून उठलेलं बरं. म्हणून यंदा मी माझ्या पेपराला गेलो. उतारा मधमाश्यांवर होता. मध्येच भरकटलो, मीच टेबलावर टिचकी मारली, पुढच्या बाकावरचे एक काका दचकले. निकाल लागला. मी पास झालो.

तर मी आता पदवीधर आहे आणि तुझी मुख्य परीक्षा मला लिहिता येणार नाही. घाबरू नकोस, परीक्षेला अजून वेळ आहे. आमच्या खालच्या मजल्यावर उत्कर्षा राहते, अकोल्याची, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. माझा पेपर झाल्यापासून मी तिला उतारे वाचायला बसवतोय. ती वाचताना फक्त वाचते, इकडे तिकडे जात नाही, त्याचा मला थोडा रागच येतो. आवाज अजून डळमळतो, पण मला सरळ केलंस तर तिला करायला कितीसा वेळ लागणार. तुझं तिच्याशी नाही जमलं तर दुसरं कोणी शोधू. तुझा पेपर माझ्यामुळे अडणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुझ्यासमोर बसून सांगायला गेलो असतो तर आवाज पुन्हा सपाट झाला असता आणि तू काही तरी मजेशीर बोलून मोकळी झाली असतीस. मला तुझ्याकडे पेपर नसतानाही यायचं आहे. तुझ्याबरोबर राहायचं आहे. लग्नाचं म्हणतोय मी. आमच्याकडे सोयरीक म्हटली की आधी जात विचारतात, आणि ती विचारणाऱ्या एका स्थळाला काकांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलेलं मी पाहिलंय. आबांशी काय ते मी बोलेन, मीच बोलायला हवं. उत्तर नाही असेल तर तसंच सांग, तरी उत्कर्षा शनिवारी येईलच. इथवर लिहिलं आणि दारावर थाप पडली. उघडलं तर भीमरावकाका. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत, तीन मजले चढून. म्हणाले, "निकाल लोकांनी बघावा म्हणूनच लावतात, अभिनवराव. तुझा परीक्षेचा नंबर काकूंकडे होता. मैत्रीला अजून बोललेलो नाही." मी खुर्ची दिली. बसले नाहीत. "लेखनिक तर तू आता राहिला नाहीस. शनिवारी आमच्याकडे कोण म्हणून येणार, एवढं विचारायला आलोय." मी म्हटलं, काका, तेच लिहितोय. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. "कुणाला?" म्हटलं, मैत्रीला. तेव्हा कुठे खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मग आधी तिला पाठव. ती काय म्हणते ते आलं की माझं विचार. तोवर मी बसतो. पंखा लाव तेवढा." पंखा लावलाय. ते डोळे मिटून बसलेत, पण झोपलेले नाहीत. पाठवतोय.

तुझाच,
अभिनव