इस्त्रीचा डाग

ताई,

तुझा निळा ड्रेस मी घातला होता. ओरडू नकोस, आधी वाच. तुला ॲपवर भेटलेला तो माणूस खरा आहे का, हे मला बघायचं होतं. म्हणून मी खोट्या नावाची मुलगी झालो आणि आपल्या खिडकीपाशी पाठमोरा फोटो काढून त्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "तुझ्यासारखी आजवर कुणी भेटली नाही." तू लाजत वाचून दाखवलेलं, अगदी तेच वाक्य. मी पोट धरून हसलो.

काल त्यानं लिहिलं, "हा पडदा तुझ्या ताईच्या फोटोतही आहे. इस्त्रीचा डागसुद्धा तोच. मजा आली ना, धाकट्या? तिला सांगितलंस तर मला कळेल."

खाली एक फोटो होता. मी आपलं फाटक लावतोय, पाठमोरा. आणि तू तर म्हणाली होतीस, पत्ता दिलेला नाही.

हे पत्र तीनदा तुझ्या उशीखाली ठेवलं आणि तीनदा परत काढून घेतलं. ताई, रविवारी त्याला भेटायला जाऊ नकोस. ताप आलाय म्हण, काहीही म्हण. फक्त मी सांगितलं असं कुणाला कळू देऊ नकोस. आईला नको, बाबांना नको, त्याला तर मुळीच नको. पाया पडतो तुझ्या.

तुझं माकड