व्यवसायाच्या रकान्यात

शनि. १ मार्च
स्पॅनिशचा चौथा तास. ह्यांची कंपनी जूनमध्ये ह्यांना तीन वर्षांसाठी स्पेनला पाठवणार, म्हणून नवराबायकोंनी जोडीनं शिकायचं. आजचा धडा: व्यवसाय. डॉक्टर, वकील, गवंडी, न्हावी. ऋचा मॅडम (वय सव्वीस, उत्साह चौघींचा) एकेकाला विचारत आल्या, तुम्ही काय करता? माझी पाळी आली. मी तोंड उघडते तोवर शेजारून हे: ‘आमा दे कासा!’ म्हणजे गृहिणी. वर हसले. मॅडम म्हणाल्या, ‘मुय ब्येन!’ म्हणजे फार छान.
डोंबलाचं ब्येन! चौदा वर्षं बिबवेवाडीत पोळीभाजी केंद्र चालवतेय. सकाळी सहाला शटर वर. हाताखाली तीन बायका, रोज चारशे पोळ्या. ह्यांच्या डब्यात जातात त्याही त्यातल्याच. आणि मी आमा दे कासा.
रिक्षात एक शब्द बोलले नाही. बोलत नाहीये हे ह्यांना कळलंच नाही.

रवि. २
विचारलं शेवटी. ‘अहो, तसं का सांगितलंत?’
‘अगं, तेवढा एकच शब्द आठवला. त्यात काय एवढं?’
काही नाही त्यात. कधीच काही नसतं. लोकांनाही सांगतात, ‘हिचं काहीतरी चालू असतं.’
शब्द पाठ करायला बसले. कोसिनेरा, स्वयंपाकीण. एनफेर्मेरा, नर्स. दुएन्या, मालकीण. शेवटचा दहा वेळा लिहिला.

मंगळ. ४
सुनंदा, बुलढाण्याची, नऊ वर्षं माझ्याकडे. भाज्यांचा सगळा भार तिच्यावर. आज कांदा चिरताना म्हणाली, ‘ताई, दुकान बंद होनार हाय म्हने. मंग आमी कुठी जावं?’
‘कोण म्हणालं?’
‘गाळ्याचे काका.’
पिठाच्या हातांनी तशीच शहाकाकांकडे गेले. गाळा त्यांचा. ‘वहिनी, तुमचे साहेबच सांगून गेले. मेअखेर रिकामा करतो म्हणाले. करार त्यांच्या नावावर, मी काय बोलणार?’
मला न विचारता! मी ठरवलं होतं, सुनंदाच्या हातात केंद्र द्यायचं, तिथून रोज फोनवर बघायचं. जेवताना ह्यांना दोनदा सांगितलं होतं. मान डोलावली होती. मोबाईलकडे बघून डोलावली असणार.

संध्याकाळी, त्याच दिवशी
भांडण. ‘परदेशात बसून इथली कटकट कोण निस्तरणार? उद्या काही झालं तर सही माझी आहे.’
ते मात्र खरं. शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन, करार, सगळं ह्यांच्या नावावर. सासरे तेव्हा म्हणाले होते, ‘नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना!’ मलाही बरंच वाटलं होतं. ऑफिसांच्या खेपा वाचल्या. गाढवपणा माझा. इथं लिहून ठेवते, माझाच.

शनि. ८
महिला दिन. क्लासमध्ये कंपनीतर्फे प्रत्येकीला एक गुलाब. मग व्हिसाचे फॉर्म. माझा ह्यांनी घरूनच भरून आणलेला. व्यवसाय: हाउसवाइफ. मी पेन घेतलं आणि खोडलं.
‘अगं, खाडाखोड चालत नाही!’
‘मग कोरा आणा.’
वर्ग बघत होता. बघू दे. गुलाब रिक्षावाल्याला देऊन टाकला.

सोम. १०
शहाकाका भले माणूस. करार माझ्या नावानं करायला तयार. ‘फक्त साहेबांचं पत्र आणा, हरकत नाही म्हणून. रविवारपर्यंत थांबतो, वहिनी. एक मोबाईलवाला गाळा बघून गेलाय.’
ह्यांना सांगितलं. ‘बघतो.’
मला स्पेनला जायचंय. खोटं कशाला लिहू? चौदा वर्षांत चार दिवस कोकणापलीकडे गेलेले नाही. पण परत आल्यावर त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं लटकलेली बघायची नाहीत मला.

बुध. १२
‘अहो, पत्र?’
‘बघतो म्हटलं ना.’

गुरु. १३
होळी. पुरणपोळ्यांची रांग रस्त्यापर्यंत. रांगेत ह्यांचे साहेब! ‘वहिनी, हे तुमचं? आम्ही तर दरवर्षी इथूनच नेतो. बोलला नाही कधी!’
‘राहून गेलं असेल,’ म्हटलं. हसतमुखानं म्हटलं. दात दुखले.
आत आल्यावर सुनंदा म्हणाली, ‘ताई, त्या पोळीनं काय केलं तुमचं? किती आपटता तिले.’

शनि. १५
तोंडी परीक्षा. आपल्या कामाबद्दल एक मिनिट, स्पॅनिशमध्ये. माझं पाठ होतं. मी मालकीण आहे, माझं जेवणाचं दुकान आहे, माझ्याबरोबर तीन बायका काम करतात. चुकले असेन, पण थांबले नाही. मॅडम खूश. पुढचा प्रश्न: तुम्ही स्पेनला गेल्यावर दुकान कोण बघणार?
त्याचं उत्तर द्यायला मला शब्द सापडेना. सरळ मराठीत म्हणाले, ‘ते ह्यांना विचारा. सही त्यांची आहे.’
हे लालबुंद.
घरी येऊन: ‘चारचौघांत माझी शोभा केलीस.’
‘तुम्ही नाही केलीत?’
‘आणि नाही दिलं पत्र तर?’
‘तर मी येत नाही. तुम्ही जा.’
बोलून गेले. मग कळलं, खरंच बोलले.

रवि. १६
सकाळी दहाला शहाकाकांचा फोन. म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा.
मी चार ओळी लिहून देते म्हटलं, तर ‘माझं पत्र मी लिहीन.’ हे कागद घेऊन गॅलरीत बसले. चष्मा लावला. अर्धा तास. मी आत भांडी आवरत होते, कान बाहेर. मग हाक आली.
‘अगं, केंद्राचं नाव काय आपल्या?’
हातातलं पातेलं ठेवलं खाली. चौदा वर्षं. दरवर्षी कागदांवर सह्या करतोय हा माणूस.
‘पाटीवर आहे,’ म्हटलं. ‘जाऊन वाचून या.’
मग चपलांचा आवाज, दार. कागद इथंच आहे, वर तारीख घातलीय, खाली कोरा. पाटी वाचायला गेलेत की शहाकाकांना नाही म्हणून सांगायला, कोण जाणे. रस्ता एकच आहे.
पावणेबारा झाले. अजून आले नाहीत.