काचेची कांडी आणि चुलीची राख

लोणावळा, १४ फेब्रुवारी १९७४

कार्ल्याहून परतताना बसमध्ये एकटीच हसत होते. सकाळी जाताना मात्र काळजीत होते. कार्ल्याच्या आमच्या दही केंद्रातल्या बायकांनी लावलेलं दही इथल्या लोणावळ्यातल्या हॉटेलनं दोनदा आंबट म्हणून परत पाठवलं. आणखी एकदा तसं झालं की काम बंद. आणि आंबटपणा मोजायचं ते मीटर मीच हट्टानं आणलेलं. काटा ठरल्या आकड्यावर आला की भांडी थंड खोलीत हलवायची, एवढंच. मग चुकत होतं कुठं?

दुपारी केंद्रात दही लावणाऱ्या हिराबाईला मीटरची काचेची कांडी धुताना पाहिलं. चुलीच्या राखेनं घासत होती, घरचं पितळेचं भांडं घासावं तशी, मायेनं. राखेचा क्षार कांडीला चिकटून राहायचा आणि आंबटपणा झाकायचा. दही तयार झालं तरी मीटर आपलं थांबा म्हणायचं. कांडी कशी धुवायची ते सांगायचं मला कसं सुचलं नाही?

मी कांडी तिच्या हातातून काढून घेतली, तशी ती म्हणाली, "मोडली का वं ताई? मी न्हाई येत उद्यापासनं."

"मोडली नाही गं. नुसत्या पाण्यानं धू."

धुतलेली कांडी तिनंच पुन्हा दह्यात बुडवली. काटा सरळ आकड्यावर आला. लगेच भांडी हलवली. चमचाभर चाखलं, गोड होतं.

हिराबाईनंही चाखलं. मग म्हणाली, "उद्या हाटेलात मीच जाते. आंबट माज्यामुळं झालं, तर त्या मॅनेजरला ग्वाड बी मीच चाकवीन."

मी सोबत जाणार होते. आता नाही जाणार.