शेवटच्या सीनमधली बस

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. येत्या १६ तारखेला फिल्म क्लबात माझं भाषण: 'जुन्या रोमँटिक कॉमेडीतली स्त्री'. त्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांची सालटी काढणार, कुणाची भीडभाड ठेवणार नाही. रोज पहाटे उठून एक सिनेमा.

४ जून
पहाट हुकली. अलार्म हिच्या उशाला होता, त्याला मी काय करणार?
दुपारी पाहिला. नायिका वार्ताहर, काय तरतरीत! नायकाला बोलण्यात हार जात नाही. शेवटी तो बसस्टँडवर धावत येतो, ती मुकाट बसमधून उतरते, नोकरी खलास. डोकंच फिरलं. मध्येच ही काहीतरी सांगायला आली. हातानेच थांबवलं. पडद्यावर बाई बोलत असताना आपण बोलू नये, हा साधा शिष्टाचार आहे.

६ जून
आणखी सिनेमे. बाई वकील असो, डॉक्टर असो, शेवटी उतरतेच. दुसरं निरीक्षण: ट्रे आणणारी, दार उघडणारी माणसं. सगळी सावळी, सगळी मुकी, कुणाला नावसुद्धा नाही. हे लिहीत होतो तेवढ्यात चहा आला. आलं जरा कमी होतं.

८ जून
हिच्या जुन्या मैत्रिणीने परगावी नाटकांचे कपडे शिवायचं वर्कशॉप काढलंय. कटिंग मास्टर म्हणून हिला वर्षभरासाठी बोलावतेय. १७ तारखेपर्यंत कळवायचंय. ही लग्नाआधी तेच काम करायची. माझा लग्नातला कोट हिनेच बेतला होता. म्हटलं, माझं भाषण होऊ दे, मग निवांत बोलू. शिवाय तिकडे एकटीचं तुझं कसं होणार? ही म्हणाली, माझं की तुमचं? विनोदबुद्धी आहे हिला.

११ जून
भाषणानंतर परिसंवादही ठरला. मी, दातांचे डॉक्टर, क्लबचे खजिनदार आणि माझा मेहुणा. अध्यक्ष म्हणाले, एखादी बाई नको का? खूप डोकं खाजवलं, एकही आठवेना. ही समोरच बसून तो लग्नातला कोट पोटावर सैल करत होती. तिलाही विचारलं. म्हणाली, तुमच्या ओळखीची तर कुणी दिसत नाही. तेच तर म्हणतोय मी!

१६ जून
मैदान मारलं! कोट झकास बसला. समोरून एका बाईंनी विचारलं, मग शेवट कसा हवा होता? मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, नायक धावू दे, रडू दे, बाईने उतरायचं नाही. बस सुटली पाहिजे! टाळ्याच टाळ्या. मागच्या रांगेत ही चक्क उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं म्हणणं हिला पटलं. भरून आलं.

१७ जून
हिने मैत्रिणीला फोन करून होकार कळवला. म्हणते, काल तुम्हीच सांगितलंत. अगं, ते सिनेमाबद्दल! असो. लटका राग आहे, दोन दिवसांत निवळेल.

१९ जून
बॅग भरली. मी शांत. या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा आहे? नायक ऐन वेळी पोचतो आणि बाई उतरते. म्हणून उद्या सोबत जायचं नाही. मागाहून धावत जायचं. वाक्य पाठ केलंय.

२० जून
धावलो. एक चप्पल वाटेतच राहिली. पोचलो तर बस हलत होती. खिडकीवर थाप मारली. बस थांबली. आता ही उतरणार! मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण धापच थांबेना. हिने खिडकीतून पाण्याची बाटली दिली. म्हणाली, अहो, असं धावू नका हो, छातीत दुखेल. डोळे ओले होते तिचे. मग वळून ड्रायव्हरबाईंना म्हणाली, चला.
बस सुटली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
घरी आलो, बेल वाजवली. दार उघडेना. पुन्हा वाजवली, जरा चिडूनच. तिसऱ्यांदा शेजारीण बाहेर आली. हिने सकाळीच तिच्याकडे ठेवलेली किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, आत कुणी नाहीये, कुणासाठी वाजवताय?